तिघांत एक टॅब

आमच्या वहिनीचं तोंड फटकळ. मी तिची नणंद, त्यात शिकवते तिच्या शेजारच्याच वर्गात, म्हणजे घरीदारी तिचाच आवाज कानांत. भांडलोय भरपूर. पण त्या दिवसावरून तिला कुणी नावं ठेवली, तर गाठ माझ्याशी आहे!

शाळेत टॅब आले, पोरामागे एक. वहिनीने तिघांत एकच ठेवला, बाकीचे कपाटात घातले. तिचा नियम उफराटा. ज्याला गणित येतं त्याने हात मागे बांधून नुसतं तोंडाने समजवायचं. बोट लावायचं ते ज्याला येत नाही त्यानेच. मग काय, कलकलाट नुसता! "अरे, छेद आधी सारखा कर ना!" "का पण?" "का म्हणजे... थांब जरा." आणि सांगणाराच डोकं खाजवत बसायचा.

पण हजेरी टॅबवरच लागते आणि टॅबला एका वेळी एकच नाव कळतं. वर्ग गच्च भरलेला आणि हेडसरांच्या स्क्रीनवर निम्म्याहून जास्त पोरं गैरहजर! हेडसर भडकले. "बाई, उद्या संस्थेची माणसं येतायत. प्रत्येकाला वेगळा टॅब, कानाला हेडफोन, शेजाऱ्याला विचारायचं नाही. नाहीतर वर्ग काढून घेईन तुमच्याकडून."

वहिनीचा जीव त्या वर्गात. घरी येऊन तिने भांडी आदळली. मी म्हटलं, "एक दिवस गप्प बस ना गं."

"गप्प बसायला मी काय हेडफोन लावलेत?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येकापुढे टॅब आणि वर्ग चिडीचूप. मी मागे उभी. पाहुण्यांना दाखवायला हेडसर स्वतः पहिल्या बाकावर बसले आणि अपूर्णांकांच्या बेरजेपाशी अडकले. दाबतायत, पुसतायत, पुन्हा चूक. शेवटी शेजारच्या मुलीकडे वाकून हळूच म्हणाले, "बाळा, इथं पुढं काय करायचं गं?"

वहिनी कडाडली, "सर, शेजाऱ्याला विचारायचं नाही! हेडफोन लावा!"

मनात म्हटलं, गेला वर्ग! हेडसर लालबुंद होऊन उठले, तेवढ्यात ती मुलगीच वैतागली. "बाई, विचारू द्या ना त्यांना. नाहीतर येणार कसं?"

आधी पाहुणे हसले, मग सगळा वर्ग. हेडसर खाली बसले आणि मुलीने त्यांना छेद समजावला.

वर्ग वहिनीकडेच आहे. कुणाला काढून घ्यायचा असेल तर खुशाल यावं, दारात आता आम्ही दोघी उभ्या आहोत.