लंगडा पाय आणि मी वाटलेले पेढे

नवऱ्याचा अधू पाय मी एका सकाळी बरा करून दाखवला. औषध नाही, ऑपरेशन नाही. मिशीला कलप, पँटला कडक इस्त्री आणि माझी डावी भुवई, एवढ्यावर काम झालं. तो पाय पुन्हा अधू ठरवून घ्यायला मात्र जवळजवळ दीड वर्ष गेलं. नातवंडं मला अजून "डॉक्टर आजी" म्हणतात. म्हणोत.

आमचे हे फौजेत हवालदार होते. बर्फातल्या चौकीवरून उतरताना घसरले आणि उजवा गुडघा असा मोडला, की जोडल्यावरही पुरता वाकेना. घरी पाठवताना फौजेने अपंगत्वाचे टक्के लिहून दिले, त्यावर वेगळी पेन्शन बांधून दिली. काही वर्षांनी फेरतपासणीचं बोलावणं आलं. लष्कराच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टरांचं बोर्ड पाय बघणार आणि टक्के नव्याने ठरवणार. टक्के ठरावीक आकड्याखाली गेले, की ती पेन्शन बंद.

इतकं साधं होतं. पण मी पडले जळगावची. माहेरी सराफी पेढी नव्हती, तरी दोंडाईच्यात नांदायला आले ती पेढीवाल्याच्या रुबाबात. इथल्या लोकांना रीत शिकवायला देवाने मलाच धाडलंय, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. त्यात त्या वर्षी लेकीचं लग्न जमवणं चाललेलं. घरात सारखे पाहुणे. मुलीचा बाप लंगडत बैठकीत आला, तर दोष घराण्यातला आहे का, अशी कुजबूज व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मी ह्यांना शिकवून ठेवलं होतं: आतून ताठ चालत यायचं, हात जोडायचे, लगेच खुर्ची गाठायची. लंगडायचं ते पाहुणे गेल्यावर. मी दारात उभी राहायचे. माझी भुवई वर गेली, की चाल सांभाळायची. फौजी माणूस, हुकूम पाळायची सवय. दात आवळून यायचे. नशिराबादच्या पाहुण्यांनी तर बापाची ऐट बघूनच मुलगी पसंत केली, असं मी चारचौघींत सांगायचे. लेक बी.एस्सी. झाली होती, त्याची कुणाला आठवण नाही.

तर बोर्डाचं बोलावणं आलं आणि माझ्या डोक्यात बसलं, की हाही बघण्याचाच कार्यक्रम. आठवडाभर मी गुडघ्याला तिळाचं तेल चोळलं. मिशा काळ्या केल्या. बुटांना असं पॉलिश केलं, की त्यात बघून कुंकू लावावं. सासूबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. त्या खानदेशीतच बोलायच्या.

"नवरदेव कथा चालना व माय?"

"आत्या, कुठे चालले काय विचारता? मोठ्या साहेबांसमोर जायचंय. गबाळ्यासारखं कसं जाणार?"

दवाखान्यात मी बोर्डाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "हवालदार साहब, चलके दिखाइए." ह्यांनी एक पाऊल टाकलं, जरासे कलंडले आणि सवयीने दाराकडे बघितलं.

माझी भुवई वर गेली.

झालं! छाती पुढे, हनुवटी वर, माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असा गेला, की सव्वीस जानेवारीच्या संचलनात खपून जावा. डॉक्टरांनी गुडघा दाबून विचारलं, "दर्द?" हे ओरडले, "नहीं साहब!" बाहेरचा शिपाईसुद्धा दचकून उभा राहिला.

"बहुत अच्छे," डॉक्टर म्हणाले.

बहुत अच्छे म्हणजे पास, असं मी धरलं. दोंडाईच्याला उतरल्या उतरल्या पेढे घेतले आणि गल्लीभर वाटले. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाल्या, "पाय ते तसाच शे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग निकाल आला. टक्के खाली, पेन्शन बंद.

घरखर्चाची ओढाताण झाली, ती मी निभावून नेली असती. ह्यांना वेगळंच लागलं. मिरचीच्या वखारीसमोर संध्याकाळी चार माणसं बसत, त्यांत हेही असत. तिथे कुणीतरी बोलून गेलं, "काय फौजी, इतकी वर्षं लंगडायचं नाटकच का मग?" बोलणाऱ्याने हसण्यावारी नेलं असेल. पण त्याला दोष कसा देऊ? पाय बरा झाल्याचे पेढे त्याच्या घरी मीच दिले होते. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी वखारीकडे जाणं सोडलं. आणि घरातही लंगडेनात. ओठ मिटून, भिंतीला हात लावत सरळ चालायचे. स्वतःच्या घरात माणूस कायम पाहुण्यांसमोर असल्यासारखा. ते बघून माझा जळगावचा रुबाब कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, अपील करू.

धुळ्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात एक निवृत्त सुभेदार बसत. त्यांना मी सगळं सांगितलं: तेल, कलप, इस्त्री, भुवई. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत ते हसले.

"वहिनी, तुम्ही पेशंट नेला होता की नवरदेव?"

"आमच्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या."

"मग त्यांनाच न्यायचं सोबत!" ते ह्यांच्याकडे वळले आणि गंभीर झाले. "हवालदार, अपील मी लिहून देतो. नवा एक्स-रे जोडू. पण बोर्डासमोर पाय तुझा आणि तोंडही तुझं. दुखतं तर दुखतं म्हणायचं. त्याने वर्दीची अब्रू जात नाही." मग मला म्हणाले, "तुम्ही काही करू नका. खरंच, काहीही करू नका."

काही न करणं मला जन्मात जमलेलं नाही. मधे लेकीचं नशिराबादच्या स्थळाशी लग्न पार पडलं. मग अपिलाच्या बोर्डाची तारीख आली, तशी मी उलट्या तयारीला लागले. विटका सदरा काढला, दाढी करू दिली नाही, बाजारातून काठी आणली. उठताना कण्हायचं कसं, तेही करून दाखवलं. हे खाटेवर बसून बघत होते.

"झालं तुझं?"

"एकदा कण्हून तर बघा."

"एकदा तुझ्यासाठी धडधाकट झालो. आता तुझ्यासाठी मरायला टेकू का? आहे तेवढाच लंगडेन."

ह्यांनी दाढी केली, धुवट कपडे घातले आणि काठी सासूबाईंना देऊन टाकली. त्यांना ती कुत्री हाकलायला फार आवडली.

या वेळी शिपायाने मला दारात उभं राहू दिलं नाही, वऱ्हांड्यातल्या बाकावर बसवलं. खिडकी मात्र उघडी होती, आणि माझे कान तेव्हा चांगले होते. डॉक्टर दुसरे होते. ते विचारत होते आणि हे आपल्या फौजी हिंदीत सावकाश सांगत होते. पंगतीत भिंतीकडेची जागा शोधतो, पाय लांब करता येतो म्हणून. एसटीतून उतरताना पाठमोरा उतरतो. शेताचा बांध ओलांडता येत नाही, म्हणून शेतात जातच नाही. घरी सांगितलंय की ऊन सोसत नाही. मग म्हणाले, मुलीच्या कन्यादानाला पाटावर पाय दुमडून बसलो साहेब, जेवढा दुमडला तेवढा. डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, लेक चालली म्हणून.

ते पाणी मी त्या दिवशी नशिराबादच्या विहीणबाईंना बोट करून दाखवलं होतं. बघा, बाप किती हळवा आहे ते!

बाकावर बसून मी पदराचं टोक पिळत राहिले. हे बाहेर आले ते लंगडतच, आणि मला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन गेले. मी त्यांना नव्हे, त्यांनी मला.

निकाल आला तेव्हा टक्के परत मिळाले होते. ह्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, टोपी घातली आणि किती दिवसांनी वखारीकडे निघाले. गल्लीच्या मधोमध, उजवा पाय ओढत, कसली घाई नसल्यासारखे. मी दारातून बघत होते. भुवई जागेवर होती.

पण काही न करणं जमत नाही, हे सांगितलंच. मी पेढे आणले. पहिला सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पेढा खासू माय, पन पह्यले सांगी दे, आवंदा मन्हा पोऱ्याना पाय बरा व्हयना का बिघडना?"