नरसम्माचा नारिंगी दिवा

माझ्या घरी दिवे बघायला पार पुण्या-मुंबईची माणसं येतात. अकरा इटालियन दिवे आहेत, सगळे जुने, सगळे चालू. प्रत्येकाची कथा मी चवीनं सांगतो – हा बोटीच्या भंगारातला, हा एका बंद पडलेल्या हॉटेलातला. फक्त नारिंगी दिव्यापाशी आलो की म्हणतो, "हा असाच मिळाला," आणि लगेच चहाचं विचारतो. असाच मिळाला! असं काही कधी मिळतं का हो? आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. सोलापुरात नव्या पेठेच्या टोकाला माझं वायरिंग आणि दुरुस्तीचं दुकान होतं. एका मिलमध्ये इटलीहून यंत्रं आली होती, ती बसवायला तिकडचा इंजिनियर आला, बायकोला घेऊन बंगल्यात राहिला. एकदा त्यांचा पंखा बिघडला म्हणून मी गेलो. पंखा राहिला बाजूला – टेबलावर तो दिवा लागलेला होता. नारिंगी, अळंबीच्या आकाराचा, अख्ख्या अंगानं उजळलेला. बल्ब कुठं दिसेना. मी आपला बघतच उभा. आम्ही काय, छताला वायर टांगायची, खाली बल्ब लटकवायचा, झालं काम! दिवा असाही असतो? त्या दिवशी मी येडाच झालो म्हणा ना.

त्या बंगल्यावर नरसम्मा झाडलोट करायची. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची, तेलुगू, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला अन्ना. बंगल्यावरचं काम उरकलं की घरी बिड्या वळायची. घरात बल्ब एकच, तो नवऱ्याच्या हातमागावर. हिनं उंबऱ्यात बसायचं, दिवस मावळेपर्यंत वळायचं, मग नुसत्या बोटांच्या अंदाजानं. डोळ्यांतून पाणी गळायचं तिच्या. हे त्या इटालियन बाईनं बघितलं असणार, कारण परत जाताना तिनं तो नारिंगी दिवा नरसम्माच्या ओटीत घातला. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण देणारीला कळलं होतं काय द्यायचं ते.

महिन्याभरात नरसम्मा दिवा पदरात गुंडाळून दुकानात हजर. "अन्ना, लागंना की ह्यो. बघा की जरा."

बघितला. काय झालं होतं? काही नाही! बल्ब गेला होता. त्यांचा बल्ब आट्यांचा, फिरवून बसवायचा. आपला दोन खिळ्यांचा. आपला बल्ब त्यात बसत नाही, एवढंच. होल्डर बदलायचा – दहा मिनिटांचं काम, आणि होल्डर माझ्या हाताशी, फळीवर. मला हे सगळं पहिल्या नजरेतच कळलं होतं. तरी मी दिवा उलटा केला, सुलटा केला, टेस्टर लावला, मान हलवली. नाटकं नुसती.

आता ऐका. आमच्या धंद्यात एक शब्द कधी वापरायचा नाही. बल्ब गेला म्हणा, उडाला म्हणा, पण 'विझला' म्हणायचं नाही. आई तर देवापुढचा दिवासुद्धा विझवायची नाही, 'वाढवायची'. संध्याकाळी ट्यूब लावली की दुकानातलं गिऱ्हाईकही बटणाकडं बघून हात जोडायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच मी म्हणालो, "अक्का, ह्यो विझला. परत लागायचा न्हाय. आन् विझलेला दिवा घरात ठेवू नये."

तिनं दिव्यावरचा हात झटकन काढला. भाजल्यासारखा.

"हितंच ठेवा मग," म्हणाली. आणि पायरी उतरता उतरता थांबली. "तुमाला काय हुनार न्हाय न्हवं?"

अहो, तेव्हा तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. ती वळणापलीकडं गेली आणि मी होल्डर बदलायला घेतला.

पुढं काय झालं सांगू? माझ्यावर चिडेल, शंका घेईल, असं वाटलं होतं. चोराच्या मनात चांदणं. तर झालं भलतंच. तिच्या मनात पक्कं बसलं की तिच्या घरची अवदसा मी माझ्या अंगावर घेतली. संक्रांतीला तिळगूळ आला. एकदा शेंगाची चटणी, तिनं स्वतः कुटलेली – तशी चटणी मी पुन्हा खाल्ली नाही. माझी मुलगी तापानं फणफणली तेव्हा हीच बाई तीन दिवस उशाशी बसून होती. माझ्या बायकोला तर तिनं सख्ख्या बहिणीसारखं धरलं. आमच्या घरावर तिची जेवढी माया, तेवढी माझ्या नातलगांचीही नव्हती. हे मला मोठ्यानं म्हणायचंय – ती आमच्या आयुष्यात आली हे आमचं भाग्य. दिव्यापेक्षा मोठं. दहाच्या दहा बाकीच्या दिव्यांपेक्षाही.

ती यायची असली की नारिंगी दिवा मी कपाटात ठेवायचो. एका दिवेलागणीला ती न सांगता घरी आली. दिवा लागलेला होता. मी उठलो, त्याच्यावर काहीतरी टाकावं म्हणून टॉवेल शोधायला लागलो – काय उपयोग? तिनं बघितला. आधी हात जोडले, मग जवळ बसली. त्या उजेडात दोन्ही हात धरले आणि आपलीच बोटं उलटीपालटी करून बघत राहिली.

"लागला की," म्हणाली. "लई ग्वाड उजेड हाय. आमच्या घरात त्येला ऱ्हायचं नव्हतं बगा. तुमचा हात चांगला, अन्ना."

ओळखलं होतं का तिनं? माहीत नाही. सांगायला तेव्हा एकच वाक्य लागलं असतं. दिवा उचलून तिच्या पदरात घालायला तेवढंही नको होतं. मी म्हणालो, "अक्का, च्या घेणार का?"

पुढं दोन वर्षांत तिला बिडीचं पान चाचपूनही कापता येईना. डोळे गेले. तरी दर शनिवारी भिंतीला धरत मारुतीला जायची. एकदा मीच रस्ता ओलांडून दिला तेव्हा विचारलं, अक्का, एवढं काय मागता देवाकडं?

"म्या कशाला मागू?" ती हसली. "तुमच्या नावानं त्याल घालते की. आमचा विझलेला दिवा तुमी घरात घेतला. तुमाला काय हू ने."

मी तिच्या हातातली तेलाची बाटली घेतली, तिला पायरी चढवली, आणि बाटली परत तिच्या हातात दिली.