बसायची नोकरी

"बसायचं," पल्लवी मॅडम म्हणाल्या.

"कुठं?"

"इथंच. ह्या ओट्यावर, मांडवाखाली."

लंकाबाई गावित बसली. पदर खोचला. "हां, आता काम सांगा."

"हेच काम."

लंकाबाई हसली. शहरातली माणसं अशी थट्टा करतात, हे तिला ठाऊक होतं. हसून झाल्यावर तिनं मॅडमच्या तोंडाकडं पाहिलं. मॅडम हसत नव्हत्या. त्या डोळे बारीक करून, चित्राची चौकट नीट बसली का हे बघावं तसं तिच्याकडं बघत होत्या.

"म्हंजे... दिसभर?"

"दिवसभर. पाहुणे आले की छान हसायचं. ही टोपली मांडीवर घ्या. आणि खोचलेला पदर सोडा हो, मावशी. मान जरा वर. हनुवटीवरचं गोंदण दिसलं पाहिजे. त्यासाठीच तर आणलंय तुम्हाला."

लंकाबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं.

गोंदणासाठी? तिला वाटलं होतं, हातासाठी.

गंगापूर धरणाच्या अंगाला वाईन पाजणारं हे नवं रिसॉर्ट. तिथं माणूस हवंय म्हणून पल्लवी मॅडम दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत आल्या होत्या. मजुरांच्या टोळीतल्या सगळ्या बाया घडांतले मणी विरळत होत्या. मॅडम ओळीमागून ओळ बघत आल्या आणि लंकाबाईपाशी थांबल्या. लंकाबाईनं मान वर केली नव्हती. करायची गरजही नसायची. तिचे हात डोळ्यांच्या आधी घडापर्यंत पोचायचे. कात्री आत शिरली की चिरचिर चिरचिर, निम्म्याहून जास्त मणी खाली. उरलेल्यांना फुगायला जागा. घड सोडला की दुसरा. ठमाबाई, टोळीची मुकादम, कौतुकातही शिवीच घालायची. "भवाने, हात हाय का मशीन?" त्यामुळं मॅडम "हीच हवी" म्हणाल्या तेव्हा लंकाबाईला वाटलं, पारख असलेली बाई दिसते.

पेठच्या पलीकडचं तिचं गाव. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली की अख्खी टोळी द्राक्षांच्या बागांत उतरायची. टोळीत ओळ बाईची नसते, घराची असते. सासू थकली की सून उभी राहते, आई पडली की लेक. ओळ एकदा दुसऱ्या घराला गेली की परत मिळत नाही. लंकाबाई सासूच्या ओळीत उभी राहिली तेव्हा तिचं मिसरूड न फुटलेल्या नवऱ्याशी नुकतंच लग्न झालं होतं. तो नवरा आता गावी म्हातारीपाशी असतो. लेक हर्षाली नाशकात नर्सिंगला आहे. आणि ह्या लेकीनं ओळीत पाय ठेवायचा नाही, एवढी एकच गोष्ट लंकाबाईनं मनात पक्की केलेली होती. म्हणून बारमाही पगाराची नोकरी म्हटल्यावर ती उठली.

निघताना ठमाबाई म्हणाली होती, "थोडे दिस ओळ धरून ठेवते. नाय जमलं तर ये माघारी. नायतर हर्षालीला धाड."

"तिला नाय."

"मंग टिकव बाई तुझी नोकरी."

टिकवायची कशी? बसून?

पहिल्या दिवशी ती बसली. पाय मुंग्यांनी भरले. पाहुणे आले, ती हसली. पाहुणे गेले, हसू कुठं ठेवावं कळेना. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला झाडू दिसल्यावर तिला जत्रेत ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. अर्धा ओटा झाडून होतो न होतो तोच गणवेशातली मुलगी धावत आली. "अहो मावशी, झाडू ठेवा! तो हाऊसकीपिंगचा आहे."

मग ती खुरपं शोधायला लागली. इमारतीपुढं गवत फार माजलं होतं. कोणी बघत नाही असं पाहून ती खाली बसली आणि हातानंच मुळासकट उपटत पुढं सरकली. चांगली वाफाभर जागा साफ झाली, जीव जरा शांत झाला. तेवढ्यात माळी आला, सोमनाथ. नांदगावकडचा, पन्नाशीचा, बोलायला मऊ. पण त्या दिवशी तो ओरडलाच.

"ताई! अहो काय करून ठेवलं? ते विकतचं गवत हाये!"

"गवत?"

"हां."

"विकत?"

"पुण्यावरून आणलं. गालिचासारखं गुंडाळून. ट्रकमध्ये."

लंकाबाई हातातल्या मुठीकडं बघत राहिली. आयुष्यभर जे उपटायचे पैसे घेतले, ते इथं पैसे देऊन लावलं होतं. तिनं एकेक काडी परत मातीत खोचायला सुरुवात केली. सोमनाथला हसूही येईना, रडूही येईना. "राहू द्या ताई, मी बघतो. तुमी बसा बरं."

तुमी बसा. जो तो हेच म्हणायचा.

मखमलाबाद नाक्यापाशी मायलेकींनी एक खोली घेतली होती. संध्याकाळी हर्षाली विचारायची, "आज काय काय केलं?"

"लय काम. पाठ मोडली."

"मग हात बरे एवढे गोरे व्हायला लागलेत?"

लंकाबाई हात पदराखाली घ्यायची. विरळणीत कच्च्या मण्यांचा चीक बोटांना लागून लागून काळा पडतो. दिवाळीपासून होळीपर्यंत तिची बोटं कोळशासारखी असायची. आता ती धुतल्या बटाट्यासारखी दिसत होती, तिची तिलाच परकी.

एकदा मात्र तिच्यानं राहवलं नाही. "हर्षे, मला तिथं कायबी काम नाय. नुसती बसवून ठेवत्यात. एक ना एक दिवस त्यांच्या ध्यानात येईल ना? फुकट पगार कोण देतं? हाकलतील मला."

"अगं आई, त्यांना तसंच हवंय. बस ना निवांत. जन्मात कधी बसलीस का?"

"बसायचं झालं तर घरी बसंन. तिथं जाऊन काय बसायचं?"

हर्षाली पुस्तकात डोकं घालून बसली, पण पान काही उलटलं नाही.

लंकाबाईच्या डोक्यावरच्या मांडवाला खरे घड लागले होते. बारीक मणी, एकमेकांना चिकटून गच्च. रोज मान वर केली की तेच. कोणी हात लावलेला नाही, कोणी विरळलेलं नाही. एवढी मोठी जागा आणि एवढी आळशी माणसं! आणि आपण खाली बसलेलो, रिकाम्या हातांनी. हे आपलं काम. हे केलं तर कोणाची हिंमत आहे आपल्याला काढायची?

मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. सोमनाथच्या पेटीत कात्री होती. लंकाबाई ओट्यावर चढली.

पहिल्या घडात कात्री शिरली आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं. चिरचिर चिरचिर. हिरवे मणी डोक्यावर, खांद्यावर, ओट्यावर. ती गुणगुणायला लागली. किती वेळ गेला, कळलं नाही. खाली माणसं जमली. टाळ्या वाजल्या. कोणी मोबाइल धरले. तिनं मागं वळून पाहिलंही नाही, मांडवाच्या त्या टोकापर्यंत गेली. आणि तिथं सोमनाथ उभा होता, तोंड उघडं.

"ताई... ही वाईनची हायेत."

"मंग?"

"खायची नाय. ह्यांचं थिनिंगच नसतं, विरळतच नाय ही. मणी बारीकच ठेवायचे असत्यात. तेवढ्यासाठी तर लावलीत."

कात्री हातातून सुटली. ओट्यावर आपटली तो आवाज लंकाबाईला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला. खाली हिरवा सडा पडला होता. वर विरळ, दात पडल्यासारखे घड. आजवर एकाही बागेत तिच्या हातानं एकही घड वाया गेला नव्हता, आणि आज अख्खा मांडव.

पल्लवी मॅडम आल्या. पाहिलं. डोक्याला हात लावून ओट्यावर बसल्याच, लंकाबाईच्या जागेवर.

"कोणी सांगितलं होतं? लंकाबाई, मी विचारतेय, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोनी नाय."

"मग?"

"हातानं केलं, मॅडम."

"पुढच्या आठवड्यात फेस्टिव्हल आहे! ह्या मांडवाखाली फोटो काढायचेत लोकांना! काय दाखवू मी, देठ?"

लंकाबाईनं टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली. चप्पल घातली. "उद्यापून नको येऊ ना?"

मॅडमनी पर्समध्ये हात घातला. त्यांचा मोबाइल वाजत होता.

दुसऱ्या दिवशी ती केलेल्या दिवसांचा पगार तरी मिळतो का बघावं म्हणून गेली. मॅडमनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. लंकाबाईला चहाची जास्त भीती वाटली.

"कोणीतरी तुमचा व्हिडिओ टाकलाय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा कालचा नव्हताच. "लोक फोन करून विचारतायत, ती कात्रीवाली मावशी रोज असते का? लंकाबाई, आता तुम्ही रोज हेच करायचं."

"थिनिंग? पन मॅडम, घड तर मी..."

"त्याची सोय केलीये."

सोय एका खोक्यात होती. सोमनाथनं ते उघडलं. हिरवेगार, टपोरे, चकचकीत घड. लंकाबाईनं एक हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा टाकला. घड फरशीवर पडून उडाला. टक्, टक्, टक्.

"प्लास्टिक?"

सोमनाथनं मान खाली घातली. "वर तारेनं बांधायचे. तुमी कात्री नुसती लावायची, मणी आपोआप सुटतो. आणि संध्याकाळी..." तो थांबला.

"संध्याकाळी काय?"

"संध्याकाळी मी ते गोळा करून परत बसवायचे. दुसऱ्या दिवसासाठी."

लंकाबाईनं पडलेला घड उचलून खोक्यात टाकला.

"सोमनाथभाऊ, आपल्याला येड लागलं का ह्यांना?"

"कुनास ठाऊक, ताई. पगार वेळेवर होतो."

असं ते सुरू झालं. ती कात्री लावी, मणी टक् करून पडे, पाहुणे "वॉव" म्हणत. एका बाईनं विचारलं, "मावशी, दिवसाला किती करता?" लंकाबाई म्हणाली, "सगळे. उद्या परत सगळे." बाईंना ते फार आवडलं.

नोकरी टिकली होती. भीती जायला हवी होती.

त्या रविवारी खोलीत हर्षाली भाकऱ्या थापत होती. लंकाबाई तव्याकडं बघत बसली होती. भाकरी उलटायला हर्षालीनं हात पुढं केला, आणि चुलीच्या उजेडात लंकाबाईला तिचा अंगठा दिसला. शेजारचं बोट दिसलं. कोळशासारखं.

"दाखव."

"काय?"

"हात दाखव, हर्षे."

"अगं, दवाखान्यातलं औषध..."

लंकाबाईनं मनगट पकडून ते बोट नाकाशी नेलं. तो आंबट, कच्चा वास. तिच्या स्वतःच्या तरुणपणाचा वास.

"टोळीत गेली तू?"

तवा तापत राहिला. भाकरी करपायला लागली.

"ठमामावशीची टोळी आता मातोरीला आलीये," हर्षाली शेवटी म्हणाली. "तूच म्हणालीस ना, हाकलतील म्हणून? ओळ गेली आणि तुझी नोकरीपण गेली, तर मग काय करशील? म्हणून मी... फक्त धरून ठेवलीये गं. तू परत येईपर्यंत."

"आन् कॉलेज?"

हर्षालीनं मनगट सोडवून घेतलं.

"कॉलेज, हर्षे?"

"लेक्चर बुडतात. बघते मी."

लंकाबाईनं तिला मारलं नाही, रागावलीही नाही. ती उठून करपलेली भाकरी उलटायला गेली आणि बोटं भाजून घेतली.

सकाळी ती मातोरीच्या बागेत उभी होती. हर्षाली मागं, मान खाली. ठमाबाईनं लांबूनच हाक मारली, "आली का मशीन! ये, ये. तुझी पोरगी देठच कापती बघ. मालक माझा जीव खातोय."

"ओळ कुठली?"

ठमाबाईनं दाखवली. अर्धी झालेली, वेडीवाकडी. लंकाबाईनं कात्री घेतली आणि आत शिरली. खरे घड, खरं वजन. चीक बोटांवर आला, वाळला, काळा झाला. ठमाबाई शेजारच्या ओळीतून बघत होती, हर्षाली बांधावर बसून. ओळ संपली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. लंकाबाईनं शेवटचा घड तळहातावर तोलून धरला. सोडला. कात्री ठमाबाईच्या हातात दिली.

"आमच्या घरची ओळ सोडली. दे कुनालाबी."

ठमाबाईचं तोंड उघडं राहिलं. "येडी का काय? लंके, तुझ्या सासूनं धरलेली ओळ हाय ती! उद्या तुला तिथून काढलं तर?"

"काढलं तर काढलं."

"मंग परत येशील तवा शेपटाला उभी करंन. नवख्या बायांत. सांगून ठेवते."

"मी येईन शेपटाला. ही नाय यायची. उभी राहायला ओळच नाय आता हिला." ती हर्षालीकडं वळली. "ऊठ. कॉलेजात जा. बघतेस काय?"

रिसॉर्टवर ती पोचली तेव्हा पाहुणे जमलेले होते. सोमनाथनं घड बांधून ठेवले होते. पल्लवी मॅडम घड्याळ दाखवत आल्या, आणि तिचे हात बघून थबकल्या.

"अरे! हे काय सुंदर दिसतंय! धुऊ नका हं, फोटोत एकदम खरं वाटेल."

लंकाबाईनं हात उताणे करून पाहिले. मग पदराखाली घेतले.

"हे नाय दाखवायचे, मॅडम. हे आमच्या घरचे हायेत."

ती मागच्या नळावर गेली. साबण लावला, विटेच्या तुकड्यानं घासले. डाग जरासा फिकटला, गेला नाही. मग येऊन ओट्यावर बसली, मान वर केली आणि कात्री उचलली.