धुडकूची नवापूर गाडी

सुरतेच्या पांडेसऱ्यात माझी खानावळ होती तेव्हाची गोष्ट. खानावळ म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, पुढं पडवी, दोन चुली आणि मी सुभद्राबाई. जेवायला सगळे आपलेच खानदेशातले. कोणी दोंडाईच्याचा, कोणी शिरपूरचा, सगळे कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. मावशी वाढा, मावशी वाढा करत यायचे आणि वाढलं की एकमेकांच्या ताटात बघून भांडायचे. त्यात एकच माणूस असा, ज्याच्या ताटात मी न मागता वाढायचे, कारण तो कधी मागायचाच नाही. तो धुडकू.

आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं असं नाव ठेवलेलं. यमाला वाटावं की हे टाकाऊ आहे, कशाला न्यायचं. यम फसला, पोरगा जगला. पण पुढं आईचीच कंबर गेली आणि ती खाटेला खिळली. नवापूर स्टेशनापासून पायी अंतरावर त्यांचं गाव. म्हातारीचं हगणंमुतणं काढायला सून तिथं पाहिजे, आणि पोटाला घालायला पोरगा इथं पाहिजे. म्हणून बायको तारा तिकडं आणि धुडकू इकडं. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पण नवरा-बायको एका छपराखाली राहिले ते आखाजीच्या सणाचे चार दिवस आणि कानबाईच्या सणाचे चार दिवस. मूल का नाही म्हणून लोक वर विचारायचे. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

मग ते प्लेगाचं साल आलं. सुरत पार रिकामी झाली, मिळेल त्या गाडीला लटकून माणसं गावी पळाली. धुडकूही गेला. महिन्याभरानं परत आला तर तोंडावर तुकतुकी. मी म्हटलं, "मेल्या, लोक भीतीनं वाळले आणि तू फुगून आलास की."

तो हसला. म्हणाला, "मावशी, रोज संध्याकाळी घरी जेवलो."

एवढंच बोलला, पण त्या महिन्यानं त्याच्या डोक्यात किडा सोडला. आमचं जवळचं स्टेशन उधना, तिथं भूपेंद्रभाई म्हणून एक दुकानदार होते, खिळे-बिजागऱ्या विकायचे. त्यांनी प्रवासी मंडळ काढलं होतं. त्यांचं म्हणणं, आहे ती पॅसेंजर पाळीच्या वेळेला जुळत नाही, सुरत-नवापूर रोजची गाडी पाहिजे. पहाटे नवापूरहून निघेल, पाळीच्या आधी उधन्याला आणून सोडेल, संध्याकाळी परत नेईल. धुडकूनं हे ऐकलं आणि तो त्या माणसाच्या मागं सावलीसारखा फिरायला लागला. मंडळाच्या सतरंज्या घालायच्या, पाणी द्यायचं, पत्रकं वाटायची. बोलायचा नाही, पण ऐकायचा सगळं, आणि रात्रीच्या जेवणाला आम्हाला ऐकवायचा.

त्याच्यामुळं मलासुद्धा रेल्वेचं कळायला लागलं. लाईन एकेरी आहे, समोरून मालगाडी आली की आपली गाडी बाजूला काढून उभी करतात. रोजची गाडी चालवायची तर जागोजागी दुसरा रूळ टाकावा लागेल. रूळ टाकायला पैसा लागतो, आणि तो रेल्वे एकटी देणार नाही, राज्यानंही वाटा उचलायचा. आता राज्य कोणतं? नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. गुजरातवाले म्हणणार, माणसं तुमची. महाराष्ट्रवाले म्हणणार, मिली तुमच्या. लग्नात मांडवाचा खर्च कोणी करायचा यावरून व्याही भांडतात ना, तसली गत. "बधी वात पैसानी छे, धुडकूभाई," असं भूपेंद्रभाई सारखं म्हणायचे, म्हणजे सगळी गोष्ट पैशाची.

मिलवाल्यांनी थोडा हातभार लावला तर सरकार हलेल, म्हणून मंडळ एका शेठकडं गेलं. शेठनं सगळ्यांना चहा पाजला, चांगलं बोलला. मग म्हणाला, कारागीर रोज घरी जायला लागला तर माल अडल्यावर दुसऱ्या पाळीला मी उठवायचं कोणाला? धुडकूनं हे आम्हाला सांगितलं आणि म्हणाला, त्याचंही खरंच आहे. मला असा राग आला. म्हटलं, बाबा, तू कोणाच्या बाजूनं आहेस? त्यानं मान खाली घालून डुबुकवड्यांचा रस्सा ओरपला.

शेवटी रेल्वेनं ठरवलं की आधी पाहणी करायची. या भागातून रोज जाणारे-येणारे खरंच किती निघतात ते बघायचं आणि मगच पैशाचं बोलायचं. भूपेंद्रभाईंनी सांगितलं, येत्या सुट्टीला पाहणीवाले येणार. धुडकूला वाटलं, रेल्वेचं काम म्हणजे माणसं स्टेशनातच येणार, दुसरीकडं कुठं? सुट्टीच्या दिवशी सकाळीच डोकं धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून तो निघाला. जाताना खोल्या-खोल्यांत डोकावून सांगून गेला, "या रे उधन्याला, आपलं नाव सांगायला या." आठवड्यातून एक दिवस झोप मिळते, कोण जातंय. सगळे कुशी बदलून झोपले.

आणि पाहणीवाले आले ते थेट आमच्या गल्लीत. पॅन्ट-शर्टातली दोन पोरं, हातात कागद, गुजराती बोलणारी. आता त्या वर्षांत शहरात पाडापाडी चालू होती. प्लेगानंतर सगळं स्वच्छ करायचं म्हणून नाल्याकाठची, रस्त्यात आलेली घरं उठत होती. हातात कागद घेऊन कोणी गल्लीत शिरला की आम्हाला तो पाडापाडीवालाच दिसायचा. आणि एक गोष्ट आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गावी घर आहे असं कबूल केलं की इथलं घर गेलं.

पोरांनी विचारायला सुरुवात केली. तुमचं गाव कुठलं, गावी कोण असतं, किती वेळा जाता? आम्ही काय कच्च्या गुरूचे चेले होतो? जो तो छातीवर हात ठेवून सांगायला लागला, "मन्हं घर आठेच शे." माझं घर इथंच, गावी कोणीच नाही, जाणं नाही, येणं नाही. शिरपूरच्या दत्तूनं तर जिवंत बापाला जागच्या जागी मारून टाकला. मी अमळनेरची बाई, मीही सांगितलं की माझा जन्मच सुरतेतला. आम्ही रेल्वेचे आहोत असं ती पोरं बोललीही असतील. ऐकायला कोण भानावर होतं!

मग ती धुडकूच्या खोलीपाशी आली. दारात काशिनाथ उभा. काशिनाथ म्हणजे धुडकूच्या खोलीतला जोडीदार. सख्ख्या भावावर करणार नाही एवढी माया त्याची धुडकूवर. त्या वेळी एक आवई होती, की खोल्या पाडल्या तर बायकापोरांवाल्यांना दुसरीकडं जागा देणार, एकट्या माणसाला काही नाही. पोरांनी विचारलं, इथं कोण राहतं?

काशिनाथ म्हणाला, "धुडकूभाऊ राहतो, बायकोसकट. मी आपला शेजारी."

"बायको कुठाय?"

"पाणी भरायला गेली."

"गावी जातात का?"

"त्यांना गावच नाही हो. ती दोघं इथलीच."

पोरांनी लिहून घेतलं आणि पुढं गेली. ती गल्लीच्या टोकाला वळल्यावर आम्ही काशिनाथची पाठ थोपटली. काय डोकं चालवलं म्हणून मी त्याला गुळाचा चहा करून दिला. संध्याकाळी धुडकू आला, दिवसभराचा उपाशी, सदरा घामानं भिजलेला. म्हणाला, स्टेशनावर कोणीच आलं नाही, पुढच्या सुट्टीला येतील. आणि आमच्यातल्या एकालाही दोन गोष्टींचा मेळ लागला नाही. एवढी सगळी अक्कल होती आम्हाला.

हिवाळ्यात एक दिवस भूपेंद्रभाई स्वतःच खानावळीत आले. पाट दिला तर बसले नाहीत, पडवीच्या कडेला टेकले. म्हणाले, गाडीचं नाही जमलं. पाहणीत निघालं की पांडेसऱ्यातले कामगार कुटुंबासकट इथंच स्थायिक आहेत, गावी कोणाचं जाणं-येणं नाही, रोजच्या गाडीला माणूस मिळणार नाही. मग रुळाला पैसा कोण देतो? चांगला माणूस, पाणीही न पिता गेला.

धुडकूच्या हातात घास होता. त्यानं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. म्हणाला, "असं सांगितलं कोणी?"

चुलीवरची भाकर करपली तरी मला उलटायचं सुचलं नाही. मग काशिनाथच उठला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, आम्हाला वाटलं खोल्या पाडायला आले. तुझी खोली वाचावी म्हणून मी सांगितलं, वहिनी इथंच राहते. कुठंय विचारलं तर म्हटलं, पाणी भरायला गेली."

मला वाटलं, आता हा ताट भिरकावणार. मी असते तर काशिनाथच्या डोक्यातच घातलं असतं. धुडकूनं हातातला घास ताटात ठेवला. मग त्यानं हळूच विचारलं, "कोणत्या नळावर?"

दत्तूला हसू फुटलं, मग सगळेच हसले, तोही हसला. त्या दिवसापासून खानावळीत ती एक थट्टाच होऊन बसली. धुडकू जेवायला आला की कोणीतरी विचारायचं, वहिनी कुठाय? तो म्हणायचा, पाणी भरायला गेलीय, येईल. गाडीचं नाव मात्र पुन्हा कोणी काढलं नाही, त्यानंही नाही.

पुढं दोन पावसाळे गेले आणि म्हातारी वारली. उत्तरकार्य करून धुडकू आला तो ताराला घेऊनच. आता आडकाठी कसली? काशिनाथनं आपली वळकटी उचलून दत्तूची खोली गाठली. मी खोली सारवून दिली, एक तवा दिला. मला मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. चला, म्हटलं, गाडी नाही तर नाही, बायको तर आली.

तारा अंगानं बारीक, बोलायला गोड. दुपारी काम आटोपलं की माझ्या चुलीपाशी येऊन बसायची, पीठ मळू लागायची. पहिले काही दिवस मी तिला चिडवायचे, काय गं, कसा आहे नवरा? ती लाजायची. मग लाजेनाशी झाली. एक दिवस पीठ मळता मळता म्हणाली, "मावशी, चहात साखर किती घालू, असं मला त्यांना विचारावं लागलं."

मी म्हटलं, होतं असं, लागेल सवय.

"ते आपल्याच खोलीचं दार वाजवून आत येतात. मी वाढलं की पुरे म्हणतात, राहू द्या म्हणतात. अहो-जाहो करतात मला. मीही त्यांना पाहुण्यासारखंच विचारते, झोप लागली का, गरम होतं का." तिनं पिठाचा हात पुसला. "भांडण असतं तर मिटवलं असतं. तिकडं होते तेव्हा निदान त्यांची वाट बघायचे, मावशी. इथं ते समोर बसलेले असतात, आता वाट कोणाची बघू?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ती परत पीठ मळायला लागली.

आखाजीच्या आधी तिनं सांगितलं, म्हैस शेजाऱ्यांकडं किती दिवस ठेवायची, घर उघडं पडलंय, मी जाते. धुडकू तिला थांब म्हणाला नाही. म्हणायचं होतं त्याला, मी त्याचा चेहरा बघत होते, पण पाहुण्याला किती आग्रह करायचा हे त्यालाही कळेना. तिचं गाठोडं उचलून तो तिला उधन्याला पॅसेंजरमध्ये बसवून आला. तिनं तवा घासून माझ्या दाराशी ठेवला होता.

संध्याकाळी तो जेवायला आला. पोरांना कळलं होतं, सगळे खाली बघून जेवत होते. वहिनीचं कोणीच विचारलं नाही. धुडकू हात धुऊन बसला. मी भाकर वाढली तसा म्हणाला, "मावशी, अजून एक ठेवा. ती पाणी भरायला गेलीय."

आमच्या नळाला पाणी सकाळीच येऊन जायचं. मी दुसरी भाकर वाढली आणि तिच्यावर ताटली झाकून ठेवली.