लाहिरीबाबूंचा मातीचा पुतळा

निबारण पाल तीसेक वर्षं देव घडवत होता आणि त्यातला एकही आज कुठं नव्हता. कुमारटुलीतल्या, कलकत्त्याच्या त्या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या, सगळ्यांचंच असं. बांबूच्या सांगाड्याला पेंढा बांधायचा, त्यावर गंगेची माती चढवायची, डोळे काढायचे, आणि पूजा आटोपली की लोकांनी ते सगळं वाजतगाजत पुन्हा गंगेत सोडायचं. इतरांना याचं काही वाटत नसे. निबारणला पन्नाशीनंतर वाटू लागलं.

"गल्लीतला सुतार मरून किती वर्षं झाली," तो बायकोला म्हणायचा, "त्याच्या पलंगावर माणसं अजून झोपतात."

"मग करा की पलंग," क्षांतमणी म्हणायची. "कोण नको म्हणतंय? त्या निमित्तानं आपल्या घरातही एक येईल."

लाहिरीबाबूंचं बोलावणं आलं ते याच सुमारास. क्षेत्रमोहन लाहिरी कलकत्त्याच्या हायकोर्टातले नावाजलेले वकील. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपलं घर, बाग आणि जन्मभराची कमाई विद्यापीठाला देऊन टाकली. अट एकच: इथं कॉलेज काढून विज्ञान शिकवायचं, आणि आपल्या देशातल्या पोरांना स्वतःच्या हातानं प्रयोग करायला मिळाले पाहिजेत. घोड्यांच्या तबेल्यात रसायनशाळा आली. गाण्याच्या बैठकी व्हायच्या त्या दिवाणखान्यात भौतिकशास्त्राची यंत्रं मांडली गेली. मागच्या दोन खोल्या तेवढ्या लाहिरीबाबूंनी स्वतःकडे ठेवल्या आणि रसायनशाळेतून येणारा सडक्या अंड्यांचा वास सोशीत ते तिथं राहू लागले. पुतण्यांनी पाऊल टाकणं सोडलं. म्हातारा काचेच्या नळ्या दत्तक घेऊन बसलाय, असं ते बाहेर सांगत.

विद्यार्थ्यांनी पुतळ्याची गोष्ट काढली तेव्हा म्हातारा उखडला. "पैसे वर आले असतील तर रसायनशाळेला तराजू आणा. सान्याल कधीचा रडतोय." सान्याल म्हणजे रसायनाचे प्राध्यापक. पोरांनी मातीचा तरी करू द्या म्हणून धरणं धरलं, म्हणून निबारण आला.

त्यानं माणूस कधी केला नव्हता. देवीचा चेहरा बापाच्या साच्यातून निघायचा. इथं साचा नव्हता, खोकणारा एक म्हातारा होता.

"हनुवटी जरा वर घ्या, कर्ताबाबू."

"राहू दे खाली. कोर्टात वर करून करून दमली ती. आणि हे बघ, महिषासुर करतोस ना तू? त्याची थोडी छटा येऊ दे. पुतण्यांना ओळख पटेल."

एके दिवशी त्यांनी विचारलं, "हा किती टिकेल?"

"छपराखाली ठेवला, जपला, तर पुष्कळ वर्षं टिकेल."

"नको. कॉलेजचा स्थापना दिवस झाला की गंगेत सोड. आज मातीचा ठेवला तर उद्या संगमरवरी मागतील, आणि तो पैसा माझ्या पोरांच्या प्रयोगांतून जाईल. शब्द दे मला."

निबारणचा हात मातीतच राहिला. "तुमचं कॉलेज राहील, बाबू. माझं काय राहणार?"

म्हाताऱ्यानं खोकला आवरला. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण शब्द दे."

निबारणनं दिला.

स्थापना दिवस यायच्या आधीच लाहिरीबाबू गेले. पुतळा जिन्याच्या वळणावर बसवला गेला आणि तिथंच राहिला. शब्द दोघांतला होता, त्यातला एक आता नव्हता. निबारण गप्प बसला. तडे बुजवायच्या निमित्तानं तो अधूनमधून कॉलेजात जायचा. परीक्षेला निघालेली पोरं पुतळ्याच्या पायाला हात लावून जिना चढायची. ज्यांनी लाहिरीबाबूंना पाहिलंच नव्हतं त्यांना हाच चेहरा खरा होता. अशा दिवशी घरी आल्यावर निबारण माशाचा रस्सा ओतून ओतून भात जेवायचा आणि का ते सांगायचा नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या समितीचे चिटणीस नलिनाक्ष बोस यांनी त्याला बोलावून घेतलं.

"पालमशाय, नशीब काढलंत. तुमचा हा चेहरा आता संगमरवरात उतरणार. इटलीला पाठवायचाय. नीट सोडवून पेटीत भरून द्या."

"पैसा कुठून येणार, बाबू?"

"तुमचा मिळेल हो तुम्हाला."

"माझा नव्हे. पुतळ्याचा."

"प्रयोगशाळेच्या निधीतून. तराजू काय, आणखी थोडा थांबेल."

खिडकीपाशी सान्याल उभे होते. आम्लानं जळलेली बाही ते चोळत राहिले.

त्या दुपारी निबारणनं क्षांतमणीला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती.

"कुणाला माहीत आहे हे?"

"मला."

"मग ठरवायचंही तुम्हीच," तिनं विळी आडवी केली. "मला कशाला विचारताय?"

दुसऱ्या दिवशी तो बोससमोर उभा राहिला आणि लाहिरीबाबूंचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले.

"लिहून दिलंय त्यांनी?"

"नाही."

"मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतं?"

"मला तो राहायला हवा होता," निबारण म्हणाला.

बोस हसले. सान्याल मात्र खिडकीपासून पुढं आले. "हा त्यांचाच आवाज आहे, नलिनबाबू. नळी फुटली की मी ऐकायचो तो. आणि खोटं बोलून या माणसाला काय मिळतंय? जाणार ते त्याचंच."

बोसना हे आवडलं नाही. पण म्हाताऱ्याचा शब्द डावलला असं पोरांत पसरलं तर काय होईल, हे त्यांना कळत होतं. इटलीचा बेत रद्द झाला.

स्थापना दिवशी दुपारी पोरांनी पुतळा बांबूंवर घालून बागबाजार घाटावर नेला. ढोल वाजवावेत की नाही हे कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून ते वाजले नाहीत.

"तुम्ही कारागीर लोक विसर्जनाला येत नाही ना?" सान्यालांनी विचारलं.

"देवाच्या," निबारण म्हणाला, आणि पाण्यात उतरला.

कंबरभर पाण्यात त्यानं स्वतः खांद्याला धरून पुतळा आडवा केला. आधी नाक गेलं. हनुवटी बराच वेळ राहिली. मग ओला पेंढा वर आला आणि नावाड्यांनी सांगाडा ओढून घेतला. चार दिवसांनी ते तो पुन्हा कुमारटुलीतच विकणार होते.

"पौषापर्यंत तराजू येईल," सान्याल म्हणाले. "बघायला याल?"

निबारण धोतर पिळत होता. कालीपूजा तोंडावर आली होती आणि दोन मूर्तींना अजून मातीचा पहिला थरही चढला नव्हता.

"बघू," तो म्हणाला.