चतुराबाईंची रोजची अमावस्या

छावणीतल्या आमच्या गल्लीत चतुराबाईंइतकं बेधडक खोटं कुणी बोललं नसेल, आणि मला त्याचं अजून कौतुक आहे.

त्यांचे यजमान रामकिसन लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. उभी हयात धान्याची पोती तोलण्यात गेली. म्हातारपणी मुलाकडे राहायला आले आणि डोक्यातलं एकेक पुसत गेलं. नातवंडांची नावं गेली, मोंढा मात्र राहिला. सकाळ झाली की टोपी घालून निघायचे. एकदा रुळांच्या कडेनं लासूरच्या दिशेला चालत गेले, ते पार पोटूळ स्टेशनजवळ गँगमनला सापडले. पाय सोलून निघाले होते.

मुलगा बद्रीनाथ लगेच कुलूप घेऊन आला. "माय, पुढच्या खेपेला गाडीखाली येतील."

"माणूस हाय, बैल नाय," चतुराबाई कडाडल्या. "कुलूप तुझ्या दुकानाला लाव. मी बघते."

दुसऱ्या सकाळी रामकिसननी टोपी घातली. बाई भाकरी थापता थापताच म्हणाल्या, "कुठं निघालात? आज अमावस्या. मोंढा बंद."

अमावस्येला मोंढ्यात सौदे होत नाहीत, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "व्हय की," म्हणाले आणि निमूट चहाला बसले.

मग रोजच अमावस्या. बाईंनी सगळ्या गल्लीला पढवलं. नजर चुकवून ते बाहेर पडलेच, तर कोपऱ्यावरचे सायकलवाले गयासभाई हाक मारायचे, "काका, किधर चले? आज अमावस, मोंढा बंद. आओ, चाय पिओ." मीही बेलाशक तेच सांगायचो. बद्रीनाथचं कुलूप पडून राहिलं.

एका संध्याकाळी घोटाळा झाला. रामकिसन झोपेतून उठले आणि सकाळ समजून ओट्यावर आले. बाईंनी ठरलेलं सांगितलं. समोर गयासभाईंच्या पत्र्यामागून पुनवेचा चंद्र वर येत होता. रामकिसननी बोट दाखवलं. "मंग ते काय हाय?"

चतुराबाईंचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या त्यांच्याजवळ बसल्या. "तुम्ही वाट चुकता. मला लई भ्या वाटतं. जाऊ नका."

म्हाताऱ्यानं टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "असं सांग ना. तू नको म्हणल्यावर मी कशाला जाईन?"

सकाळी ते हे सगळं विसरले होते. बाई विसरल्या नाहीत. त्यानंतर त्या रोज नुसतं "जाऊ नका" म्हणायच्या आणि रामकिसन टोपी काढायचे. आम्ही गल्लीवाले मात्र अमावस्याच सांगत राहिलो. आमच्या नुसत्या 'जाऊ नका'नं ते थोडेच थांबणार होते!