माने सरांच्या मयतीचा निरोप

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली आणि सांगायचं राहून गेलं, असंही म्हणता येणार नाही — राहून गेलं नाही, मी ठेवलं. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही आमच्या कॉलनीतले नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही. वेळेवर उचलली असती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

कॉलनी धाराशिवच्या कडेला, बेंबळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. शिक्षक, कारकून, एसटीतले वाहक — नोकरदारांनी मिळून जागा घेतली आणि सावकाश घरं बांधली. मी एका कॉलेजात कारकून, आणि कॉलनीच्या संस्थेचा सचिव. सचिव काही हौसेनं झालो नाही. सभेत नाव विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या, माझी वर राहिली — एवढंच. पण मग हौस लागली. खोटं कशाला बोलू?

सचिवाचं काम काय असतं? सह्या, सभा — ते असतंच. खरं काम एकच : सांगणं. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि कोणत्या दिवशी येईल ते नक्की नसतं. पाणी सोडणाऱ्याचा फोन मला यायचा, मी ग्रुपवर टाकायचो, आणि बघता बघता गच्च्यांवर माणसं दिसायची, गल्लीभर मोटारी घरघरायला लागायच्या. ऑफिसात मला कुणी चहाला चल म्हणत नव्हतं. इथं माझ्या दोन ओळी वाचून लोक डोक्याला साबण तसाच ठेवून पळायचे. याची चटक लागते हो. लागते.

लाइट कधी जाणार, कचऱ्याची गाडी का आली नाही, कुणाकडं बारसं — सगळं माझ्याकडून जायचं. आणि मयत. मयतीचा निरोप सगळ्यात मोठा. पद्धतच पडली होती : घरच्यांनी मला एक फोन करायचा, मी नाव आणि उचलायची वेळ टाकायची. मग घरटी एक माणूस तरी मातीला जाणार, आणि संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतून पिठलं-भाकरी जाणार. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. कडू घास शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो. पूर्वी लोक दारोदार सांगत फिरायचे, ग्रुप आल्यावर ते थांबलं. पुढं पुढं तर ग्रुपवर आलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं झालं.

आणि ग्रुपवर लिहिता फक्त मला यायचं. मीच तसं करून ठेवलं होतं. लोक फुलांचे फोटो टाकतात, एकमेकांना टोमणे मारतात, पाण्याचा निरोप खाली दबतो — असं कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं. पण त्यामागं माने सर होते.

माने सर रिटायर मास्तर. घर अगदी शेवटचं, मोकळ्या प्लॉटांच्या पलीकडं, नाल्याजवळ. मूळ बेंबळीचे. नवरा-बायको दोघंच राहायची. एक लेक, ती उमरग्याला दिलेली. सभेत प्रश्न विचारायचे ते — खोडीचे नाहीत, सरळ. एकदा मी तेरला लग्नाला गेलो होतो आणि पाण्याचा निरोप टाकायचा विसरलो. अर्ध्या कॉलनीच्या टाक्या कोरड्या राहिल्या. सभेत लोक बोलायला लागले तसा मी चिडलो. म्हणालो, मी आहे म्हणून तुम्हाला कळतं. मी सांगायचं सोडलं तर कळणार कसं, तेवढं सांगा!

माने सर बसल्या जागेवरून म्हणाले, “सचिवसाहेब, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय?”

सगळे हसले. मागून कुणीतरी बांग दिली. मग तर आणखीच हसले.

एवढंच झालं होतं. तुम्हालाही हसू आलं असेल. पण त्यानंतर मी गल्लीतून निघालो की कट्ट्यावरची पोरं म्हणायची, “कोंबडं चाललं बघ ड्युटीला.” बायका दाराआड हसायच्या. माने सर स्वतः त्यावर पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत — विसरूनच गेले असावेत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेतातली सीताफळं पिशवी भरून घरी आणून दिली. बायकोनं खाल्ली. मी शिवलो नाही. ग्रुप मी त्याच दिवसांत बंद केला — फक्त माझ्यापुरता उघडा ठेवून.

आता त्या सकाळचं. आलो तिथपर्यंत. मघापासून पाण्याचं, सीताफळांचं सांगतोय ते का, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कामाचा दिवस होता. बायको माहेरी, तेरला गेलेली. माने सर सोलापूरला दवाखान्यात आहेत, एवढं माझ्या कानावर होतं. सकाळी त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. म्हणाल्या, “सर गेले. घरी आणलंय. लेक उमरग्यावरनं निघालीय, ती आली की अकराला उचलायचं. तेवढं ग्रुपवर टाका.”

टाकतो काकू, म्हणालो. आणि मी लिहिलंसुद्धा. नाव लिहिलं. वेळ लिहिली. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता.

तेव्हा मनात आलं — बघू या की, तांबडं फुटतंय का.

या विचाराला मी एवढ्या वर्षांत दुसरी नावं देऊन बघितली. धक्का बसला होता म्हणून बघितलं, गडबडीत राहिलं म्हणून बघितलं. एकही चिकटत नाही. मेलेल्या माणसावर मी सूड घेत होतो, आणि मला ते कळत होतं. फोन पालथा ठेवला आणि आंघोळीला गेलो.

कायमचं दाबायचं असं ठरवलं नव्हतं. तासभर. थोडं अडू दे, मग टाकू. पण आंघोळ झाली, चहा झाला, आणि मग वाटायला लागलं — आता टाकला तर लोक विचारतील, एवढा वेळ काय करत होता? जितका उशीर होत गेला तितका पाठवणं अवघड होत गेलं. आणि मग लोक कामाला निघून गेले. माझ्या खिडकीतून बघत होतो मी. एकेक गाडी फाटकातून बाहेर पडत होती, आणि मी हातात फोन धरून मोजल्यासारखा बघत होतो.

मातीला मात्र गेलो. का गेलो? वाटलं होतं, कशी ना कशी लोकांना खबर लागली असेल, गर्दी असेल, त्यात माझं झाकून जाईल.

मयताच्या घरापुढं चपलांचा खच असतो, तुम्ही बघितलंय ना? माने सरांच्या अंगणात थोड्याशा चपला होत्या. लेक, जावई, बेंबळीहून आलेले चुलतभाऊ, सोलापूरहून आणणारा गाडीचा ड्रायव्हर. शेजारचं घर लग्नाला गेल्यामुळं कुलूप लावलेलं. मला बघितल्यावर काकू उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघायला लागल्या. बराच वेळ बघत होत्या.

जावई म्हणाले, “जरा थांबू. माणसं येतील.”

थांबलो. कोण येणार होतं?

मग काकूंनी मला हळूच विचारलं, “टाकलं व्हतं न्हवं ग्रुपवर?”

मी म्हणालो, “टाकलं होतं, काकू.”

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. सरांच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाल्या, “मग आता कुणासाठी थांबायचं? उचला.”

जावयांच्या हातात मडकं होतं. खांद्याला माणूस कमी पडला. दोन चुलतभाऊ, ड्रायव्हर — आणि मी. नाल्याच्या कडेनं नेलं. कॉलनीच्या मागून. शाळेत निम्म्या धाराशिवला शिकवलेला माणूस, आणि त्याच्या मागं चालणारी माणसं बोटावर. मला वाटतं सर फार हलके होते. का मलाच तसं वाटत होतं, माहीत नाही.

दुपारी मी ग्रुपवर टाकलं : माने सरांचं निधन झालं, अंत्यविधी पार पडला. संध्याकाळी लोक दारात. अहो, आधी कळवायचं नाही का? तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, “मलाच उशिरा कळलं. घरच्यांनी उरकून घेतलं, काय करणार?”

म्हणजे काकूंना सांगितलं, निरोप दिला होता. कॉलनीला सांगितलं, निरोप आला नव्हता. दोन्हीकडं मीच होतो, आणि दोन्हीकडं मी खोटं बोललो.

समोरचे पवार म्हणाले, “मी गच्चीवरनं गाडी बघितली की. म्हटलं, काही असतं तर ग्रुपवर आलं असतं.” आणि त्यांच्या बायकोनं पिठल्याचं बेसन काढलं होतं ते परत डब्यात टाकलं. “मातीला बोलावलं न्हाय, मग घास कुठल्या तोंडानं न्यायचा? लई मोठी माणसं ती.”

त्या घरी त्या संध्याकाळी काय खाल्लं असेल, मला माहीत नाही. मीही काही नेलं नाही.

दहावं त्यांनी बेंबळीला केलं. त्यामुळं कॉलनी आणि काकू समोरासमोर आल्याच नाहीत. तुम्ही म्हणाल, कुणीतरी कधीतरी विचारलं असतं की. पण असं कोण विचारतं? आमच्या माणसाच्या मातीला का आला नाहीत, असं काकू विचारणार? आम्हाला का कळवलं नाही, असं कॉलनी विचारणार? दोघांचा अभिमान आडवा, आणि मध्ये मी. गणपतीच्या आरतीला काकू यायच्या, ते बंद झालं. रस्त्यात कुणी दिसलं की पदर सारखा करून कडेनं निघून जायच्या. लोक म्हणायचे, बघा किती ताठा. मी ऐकायचो. हो म्हणायचो नाही, नाहीही म्हणायचो नाही.

पाण्याचा निरोप मात्र मी काकूंना — ग्रुपवर सरांचाच नंबर होता, त्यांचा नव्हता — वेगळा फोन करून द्यायचो. एकदाही चुकलो नाही. “लई आठवण ठेवता हो,” असं म्हणायच्या. हे माझ्या चांगुलपणात धरू नका. मी धरत नाही.

मग माझी बायको गेली. पवारांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यावरून निरोप टाकला. तासाभरात अंगण भरलं. चपला फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या. लोक कुंपणाला टेकून उभे. खांदा बदलायला माणसं एकमेकांना मागं सारत होती. मी त्या चपलांकडं बघत बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखानं सुन्न झालाय.

संध्याकाळी काकू आल्या. मोकळे प्लॉट ओलांडून, फडक्यात पिठलं-भाकरी बांधून. एवढ्या लोकांत त्या कुणाकडं न बघता सरळ माझ्यापुढं येऊन बसल्या.

“खावा,” म्हणाल्या. “आमच्या सरांना तुमी खांदा दिला व्हता. कॉलनीतलं दुसरं कुत्रं फिरकलं न्हाय. मी इसरले न्हाय ते.”

पवारांची बायको तिथंच होती. तिनं मान वर केली. काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक शब्द — माझा एक शब्द हवा होता तेव्हा. घर भरलेलं होतं, ऐकायला सगळी कॉलनी होती, आणि रडणाऱ्या माणसाला कुणी काही बोललं नसतं. त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी भाकरी मोडली. खाल्ली. काकू समोर बसून होत्या, म्हणून सगळी खाल्ली.

पुढं काकूंचे गुडघे धरले तशी लेक त्यांना उमरग्याला घेऊन गेली. जाताना माझ्या दारात रिक्षा थांबवून निरोप घेतला. दुसऱ्या कुणाच्या दारात थांबली नाही.

गेल्या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. काकू गेल्या. म्हणाली, “आईनं सांगून ठेवलं होतं, काका — कॉलनीत फक्त तुम्हाला कळवायचं. बाकीच्यांना उगीच त्रास नको म्हणाली.”

एसटीनं उमरग्याला गेलो. गल्लीत माणसं मावत नव्हती. लेकीच्या शेजारणी, जावयांचे दुकानदार मित्र. माझ्या खांद्याची कुणाला गरज नव्हती. चपला काढायला जागा शोधली आणि मागं उभा राहिलो. लेक कुणाला तरी सांगत होती, हे काका, बाबांना खांदा दिला ते हेच. त्या माणसानं मला हात जोडले.

परत आल्यावर मी ग्रुप सगळ्यांना लिहिण्यासाठी उघडा केला. कुणी लिहीत नाही. सवय गेली लोकांची. पाण्याचा दिवस जवळ आला की अजूनही गच्चीवरून माझ्याच घराकडं बघतात. घरात मी एकटा. फोन वाजला की टाकतो दोन ओळी, मग मोटारी घरघरतात, मग शांत होतं.

काकूंची खबर मी ग्रुपवर टाकलेली नाही. एकदा लिहायला घेतली. नाव लिहिलं, आणि त्याच्या वर सरांचं नाव, त्या सकाळचं खरं लिहावं लागेल, हे कळलं. आज ना उद्या तेही लिहीन, आणि कॉलनी वाचेल. पण ज्यांनी मला विचारलं होतं, त्या आता वाचणार नाहीत.

त्यांनी अंगणात उभं राहून साधंच विचारलं होतं.

नाही, काकू. टाकलं नव्हतं.